मारोती देवकत्याचा इसार

आधीच हात जोडून सांगते, माझं लिहिणं शुद्ध नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि तीही तुकड्यातुकड्यानं, कारण मेंढरं रानात निघाली की आम्हीही निघायचो. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, हे मला अजून अंदाजानंच ठरवावं लागतं. अक्षराबद्दल तर बोलायलाच नको. नात म्हणते, "आजी, हे तू लिहिलंस का ओल्या पायाची कोंबडी गेली यावरून?" ही वही मी ज्वारीच्या कोठीमागं ठेवते. कोणाच्या हाती पडलीच, तर त्यानं चुका पोटात घालाव्यात आणि वही होती तिथं ठेवून द्यावी.

लिहायला बसले ती नातीमुळंच. दिवाळीत ती हिंगोलीहून आली होती. मी बोलता बोलता म्हणाले की तुझे पणजोबा नावाजलेले गाणारे होते, गावोगावचे लोक त्यांना ओळखायचे. तिनं लगेच मोबाइल काढला. "नाव सांग." मी सांगितलं, मारोती देवकते. तिनं ते टाकलं आणि फोन माझ्यापुढं धरला. त्यात केस सोनेरी केलेला, काळा चष्मा लावलेला एक पोरगा गाडीच्या टपावर उभा राहून नाचत होता. खाली नाव तेच. "आजी, पणजोबा तर लई भारी निघाले!" म्हणून ती हसली. मीही हसले. लेकरू ते, त्याला काय माहीत. पण नंतर मी मागच्या दारी जाऊन बराच वेळ भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासत. तेव्हा वाटलं, एकदा लिहून ठेवावं.

आमची वाडी सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. पंधरावीस घरं, सगळी मेंढरंवाल्यांची. दारात वाघर लावलेली, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि दिवसरात्र लोकरीचा वास. तो वास आम्हाला कधी आला नाही, पाहुण्यांना यायचा. पहाटे माय जात्यावर बसायची आणि बा शेळ्यांच्या धारा काढायला. जात्याची घरघर, तांब्यात पडणाऱ्या धारेचा आवाज, आणि त्या दोन्हींवर बाचं गाणं. मोठ्यानं नाही, नुसतं गुणगुणणं, पण ते ऐकल्याशिवाय आमची मोरी नावाची शेळी पान्हा सोडायची नाही. न्याहारीला शिळी भाकर आणि वर मोरीचं कोमट दूध. पावसाळ्यात अंबाडीची भाजी, उन्हाळ्यात नुसता मिरचीचा ठेचा नाहीतर येसराची आमटी. शाळा सुटल्यावर माझं काम म्हणजे मायसंगं लोकर पिंजायची आणि चातीवर सूत काढायचं. चाती फिरवताना बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडायचं. मी आधीपासूनच अबोल. पाहुणे आले की मी वाघरेत जाऊन मेंढरांत बसायची.

बा ओव्या गायचा. बिरोबाच्या, म्हाळसेच्या, मेंढरांच्या जन्माच्या. मागं तिघं झील धरायला, म्हणजे त्याची ओळ उचलून म्हणायला, एकाकडं ढोल, एकाकडं झांज, आणि बा पुढं उभा, डावा हात कानावर, उजव्या हातात घोंगडीचं टोक. तो लिहायला शिकला नव्हता. सगळं तोंडपाठ. माझ्या जन्माच्या आधी आणि मी रांगत असताना, त्याला जत्रेच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नव्हती असं माय सांगायची. औंढ्याकडं, कळमनुरीकडं, पार पुसदच्या बाजूला बोलावणं यायचं. बाजारात बा निघाला की दुकानदार पैसे न घेता हातात गुळाचा खडा ठेवायचे. पण हे सगळं मी ऐकलेलं. मला कळायला लागलं तेव्हा बोलावणी कमी झाली होती. आधी दोन वर्षांत एखादं, मग तेही नाही. बा त्याबद्दल बोलायचा नाही. ढोल खुंटीवर होता, त्याच्या कातड्याला उंदरानं भोक पाडलं होतं, ते तसंच होतं.

अशात एके दिवशी करीमचाचा आले. ते हिंगोलीचे, बकऱ्यांचे व्यापारी, बाच्याच वयाचे. वर्षातून चारदोनदा यायचे, बोकड बघायचे, भाव पाडायचे, मायच्या हातचा चहा प्यायचे आणि जाताना बाला म्हणायचे, "एक ओवी तो सुना, मारोती, फिर जाता हूँ." त्या दिवशी ते सायकलवरून उतरले तेच ओरडत. "मारोती! अरे कहाँ है? तेरा इसार लाया मैं!"

बा वाघरेतून आला, हाताला शेण. "कशाचा इसार?"

"गाने का! और कायका?" चाचांनी रुमालाची गाठ सोडली. आत एक सुपारी आणि पाचशे एक रुपये. आमच्या घरात इतके पैसे एकदम मी कधी पाहिले नव्हते. झालं होतं असं की डोंगरकड्याच्या बाजूच्या एका गावात चाचा बोकड घ्यायला गेले होते. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, आता तिथं आमची सोयरीक आहे. तिथल्या मंडळाच्या पोरांनी जत्रेला गाणं ठरवलं होतं. पोरांनी विचारलं, चाचा, तुमी सेनगावकडं हिंडता, मारोती देवकते माहीत हाय का, गाणारा? "मेरे को पूछते!" चाचा छातीला हात लावून सांगत होते. "मैं बोला, उसके घर का पानी पी के बडा हुआ मैं. लाव इधर, मैं देता उसके हाथ में." पोरांना ते बरंच झालं. आपल्याला शोधत हिंडायला नको.

आमच्यात इसाराची, म्हणजे गाणं ठरवताना देतात त्या आगाऊ पैशांची, एक रीत होती. बोलावणं आलं की सुपारी घोंगडीवर घ्यायची, हातात नाही. आणि पैसे त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, पार्टीतल्या सगळ्यांत सारखे वाटायचे. ज्यानं वाटा घेतला तो बांधला गेला. मग घरात कोणी मेलं तरी त्यानं जायचंच. बानं लगेच घोंगडी अंथरली. करीमचाचांनी चपला काढून त्यावर सुपारी ठेवली. त्यांना ती रीत आमच्याइतकीच ठाऊक होती. संध्याकाळच्या आत सखारामामा, म्हणजे मायचा भाऊ, आणि बाकीचे दोघं आले आणि आपापला वाटा घेऊन गेले. बाच्या वाट्याचे जे उरले त्यात ढोल नवा मढवून घेतला आणि एक पांढरं धोतर आणलं. मायनं त्या दिवशी पुरण घातलं. सण नव्हता काही नव्हता. पोळी लाटताना ती हळूच म्हणाली, "आता कसं, बरं वाटून राहिलं." कोणाला म्हणाली कोण जाणे.

जत्रेपर्यंत बा रोज मेंढरांमागं जाऊन घसा फोडून यायचा. माय अंगणात उभी राहून ऐकायची आणि सांगायची, आता नाल्यापाशी असतील, आता बाभळीच्या बनात गेले. त्याच्या आवाजावरून तिला कळायचं. जायच्या आदल्या दिवशी ती बाला म्हणाली, "गोदीला न्या संगं."

"ती कशाला? माणसं बघून रडंल."

"रडू द्या. तिनं एकदाबी न्हाई पाहिलं तुमाला गाताना. मी लई पाहिलं." म्हणून मी गेले. मायनं धपाटे बांधून दिले, वर लसणाची चटणी. जीपनं हिंगोली, तिथून एसटी, आणि फाट्यावर उतरून पायी. ढोल सखारामामाच्या पाठीवर, आणि बा नव्या धोतरात, सारखा सोगा वर धरत, धूळ लागेल म्हणून.

गाव सजलेलं होतं. देवळासमोर मंडप, त्याला भोंगे बांधलेले, आणि मंडपाच्या तोंडाशी मोठा कापडी फलक. आम्हा पाचजणांत वाचता येणारी मी एकटी. बा म्हणाला, "काय लिहिलं गं?" मी अक्षर अक्षर लावत वाचलं. सुप्रसिद्ध गायक मारोती देवकते. "पुन्हा वाच," बा म्हणाला. मी पुन्हा वाचलं. त्याच्या खाली एक माणूस रंगवलेला होता. कुरळे केस, बारीक मिशी, अंगात कोट, हातात माइक. सखारामामा कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "दाजी, रंगवणाऱ्यानं लई मेहरबानी केली बरं तुमच्यावर. लग्नातबी असे दिसत नव्हते तुमी."

"कोट कुठून घातला रं त्यानं मला?" बा म्हणाला, आणि सगळे हसले. मला आजही ते हसणं आठवतं. खरंच कोणाच्या मनात दुसरं काही आलं नाही. मारोती देवकते म्हणजे बा, एवढंच आम्हाला माहीत होतं.

आम्ही मंडपाच्या बाजूला सावलीत बसलो. एक पोरगा आला, गळ्यात मंडळाचा रुमाल. "ओ काका, वाटेत बसू नका. कलाकारांची गाडी येऊन राहिली."

"कलाकार आलेत की," मामा म्हणाला.

"कुठं हायेत?"

"हे काय, तुमच्या समोर."

पोरगा ढोलाकडं बघायला लागला, मग घोंगडीकडं. "तुमी पार्टीतले का? मंग देवकते साहेब मागून येतेत का?"

"मीच देवकते," बा उभा राहिला. "मारोती."

पोरगा हसला. मग त्याचं हसू थांबलं. त्यानं अगदी मनापासून विचारलं, "तुमी त्यांचे वडील का?"

मग अध्यक्ष आला. तोही विशीपंचविशीतलाच, इस्त्रीचा शर्ट घातलेला. वाईट नव्हता तो. त्यानं खिशातून एक कॅसेट काढून बाच्या हातात दिली. तिच्या कागदावर तोच माणूस, कुरळे केस, बारीक मिशी. नावही तेच. तो गाणारा आमच्याच जिल्ह्यातला होता म्हणत, पण कुठल्या गावचा ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. त्याच्या ओव्या टेपवर निघाल्या होत्या आणि त्या वर्षी सगळ्या तरुण पोरांच्या तोंडी होत्या. गोरेगावच्या बाजारात मीही त्या ऐकल्या असणार, पण गाणाऱ्याचं नाव कोण विचारतं? आमच्या वाडीत तर वीजच नव्हती. बानं कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली, माल बघतात तशी.

"माझा इसार करीमनं आणला," तो म्हणाला.

"आमी त्या चाचांना सांगितलं होतं, मारोती देवकतेला द्या म्हणून."

"त्यानं दिला की."

अध्यक्षानं मंडपाकडं पाहिलं. ऊन कललं होतं, पालखी परत आली होती, माणसं येऊन बसली होती. पुढं म्हातारे आणि बायका, मागं सगळी पोरं. तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी कपाळावर हात धरून आमच्याकडं बघायला लागली. "कोण हाय ते? मारोती हाय का रं? बिरोबाची ओवी म्हणणारा?" आणि बाजूच्या बाईला सांगायला लागली, "अगं, ह्याच्या ओवीवर आमचे मालक बैलगाडी जुपून जायचे, मला सोडून!"

मागून एक पोरगा ओरडला, "आज्जे, तो न्हाई. मारोती देवकते दुसरा हाय."

"दुसरा कुठून आला? मारोती देवकते एकच हाय."

"कॅसेटवाला!"

"मंग हा कोण, भूत हाय का?" म्हातारी म्हणाली. म्हातारे हसले, पोरंही हसली. एका म्हाताऱ्यानं काठी आपटून सांगितलं की खरा मारोती हाच, पोरांनी विचारलं की मंग काय कॅसेटीतला खोटा का, आणि देवळासमोर एकाच नावावरून दोन बाजू पडल्या. बा मध्ये उभा होता. ज्याच्याबद्दल भांडण चाललंय त्याला कोणी काही विचारत नव्हतं. शेवटी अध्यक्ष त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, आता माणसं बसलीत. तुमीच म्हणा थोडं."

बा वर चढला. नवं धोतर, खांद्यावर घोंगडी. मामानं ढोलावर थाप दिली आणि बानं डावा हात कानावर ठेवला. मी स्टेजच्या खाली, बांबूला धरून उभी होते. शेळीची धार काढताना ऐकलेला तोच आवाज, पण असा मी कधी ऐकला नव्हता. तो आवाज आधी जमिनीवरून चालतो, मग चढ चढायला लागतो, थांबतो, मागं वळून बघतो, आणि झीलकरी त्याला मागून येऊन गाठतात. ओवी मेंढीच्या पहिल्या कोकराची होती. पुढच्या म्हाताऱ्यांची डोकी हलायला लागली. ती म्हातारी तोंडाला पदर लावून बसली होती. एवढं मी पाहिलं. ते पाहिलं म्हणून मायनं मला पाठवलं ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं.

पण बाच्या ओवीला वेळ लागायचा. कोकरू जन्मायलाच घटका जायची. मागं शिट्ट्या सुरू झाल्या. "ओ काका, कोकरू बाहेर काढा आता!" "नवं लावा नवं!" आणि मग कोणीतरी भोंग्याच्या मशीनवर कॅसेट चढवली. दुसऱ्या मारोती देवकत्याचा आवाज चारी भोंग्यांतून एकदम आला, पेटीबाजासकट, आणि बाचा आवाज त्याखाली दिसेनासा झाला. पोरं उठून नाचायला लागली. मामा रागानं ढोल वाजवतच राहिला, बानं त्याच्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबला.

बा खाली उतरला नाही. तो तिथंच उभा राहून ते गाणं ऐकत राहिला, मान एका बाजूला करून, सगळं संपेपर्यंत. तीही बिरोबाचीच ओवी होती. तीच गोष्ट, पण थोडक्यात उरकलेली. संपल्यावर तो मामाला म्हणाला, "गळा चांगला हाय पोराचा. घाई करतो थोडी."

मग तो उतरला आणि अध्यक्षासमोर जाऊन उभा राहिला. "इसार मी माघारी देतो."

"राहू द्या काका. तुमची काय चूक हाय? एवढ्या लांबून आले."

"बोलावणं त्याला होतं. त्याचा इसार मी कसा खाऊ?"

मागून कोणीतरी म्हणालं, "भाड्यापुरते तरी ठेवा, न्हाईतर ढोल वाजवत पायी जावं लागंल." हसणं झालं. अध्यक्षानं त्या पोराला शिवी दिली, पण हसू त्यालाही आवरलं नव्हतं. त्या पोरांवर मी तेव्हा फार चिडले होते. आता चिडत नाही. माझी नात परवा हसली ते काय वेगळं होतं? तिला जो माहीत आहे तोच तिचा मारोती देवकते. त्या पोरांचंही तसंच. आणि खरं सांगायचं तर करीमचाचांचंही तसंच. ज्यानं त्यानं आपापला मारोती ओळखला.

घरी आलो तेव्हा माय दारात उभी होती. बाचं तोंड बघून तिनं आधी पाय धुवायला पाणी दिलं. मामानं सगळं सांगितल्यावर ती बाला म्हणाली, "द्यायचेच तर सखारामाकडून आणि त्या दोघांकडून वाटे माघारी घ्या. वाटून बसलात सगळे."

"घ्या की दाजी," मामा म्हणाला. त्यानं त्याचे पैसे बियाण्यात घातले होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"यायचं कबूल केलं, आला. ढोल वाजवला. त्याच्याकडून कशाचे घेऊ? नाव माझं सांगितलं होतं, फेडणार मी," बा मायला म्हणाला.

करीमचाचांना बाजारात कळलं. ते आले ते चहा न पिता अंगणातच उभे राहिले. "मारोती, गलती मेरी है. मैं भर देता पैसा." बा म्हणाला, "तू काय चूक केली? तुला मारोती म्हणून मीच दिसलो." चाचांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून पैसे काढून घोंगडीवर ठेवले, बानं ते उचलून त्यांच्या खिशात परत घातले. दोन म्हातारी माणसं अंगणात झोंबत होती, आणि दोघंही रडत होती. त्यानंतर चाचांचं येणं कमी होत गेलं. आले तरी बोकड बघायचे, भाव करायचे, आणि ओवी म्हण असं म्हणायचे नाहीत. मग त्यांचा पुतण्या यायला लागला.

पैसे उभे करणं सोपं नव्हतं. आमची मेंढरं शेतकऱ्यांच्या रानात बसवायची रीत होती. लेंड्यांचं खत त्यांना, त्याबदली आम्हाला दाणे. त्या वर्षी बानं दाण्याऐवजी रोख मागितली, म्हणून घरात ज्वारी कमी आली आणि आम्ही पातळ कण्या जास्त खाल्ल्या. माय हळद काढायला जायला लागली. संध्याकाळी तिच्या बोटांचा पिवळा रंग भाकरीला लागायचा. मी सूत काढायची, त्याच्या घोंगड्या मामा बाजारात न्यायचा. मोरी विकली. ती विकली म्हणून मी दोन दिवस जेवले नाही, पण खरं म्हणजे ती विकावीच लागली असती. बा गुणगुणत नव्हता, आणि ती दूध देत नव्हती.

कारण बाचं गाणं थांबलं होतं. गाणार नाही असं तो कधी म्हणाला नाही. ढोल तो घरात नीट झाकून ठेवायचा. पण पहाटे नुसती जात्याची घरघर ऐकू यायची आणि तांब्यातली धार. सगळ्यात जास्त तकलीफ मायला झाली. बा मेंढरं घेऊन गेला की ती अंगणात येऊन उभी राहायची, सवयीनं कान द्यायची, आणि मग मला म्हणायची, "गोदे, जरा टेकाडावर जाऊन बघ बरं, कुठवर गेले." मी जाऊन बघून यायची. नाल्यापाशी असला तर नाल्यापाशी म्हणून सांगायची.

इथं आणखी एक गोष्ट लिहिते, आत्ताची. नातीच्या मोबाइलात मी त्या कॅसेटवाल्यालाही शोधायला सांगितलं. तिनं खूप खाली खाली बघितलं. सगळीकडं तो काळ्या चष्म्याचाच पोरगा. "आजी, दुसरा कोणी न्हाईच," ती म्हणाली. ज्याच्यासाठी त्या पोरांनी बाला थांबवलं, तोही राहिला नव्हता. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. त्याचीही एखादी लेक असेल.

त्यानंतरच्या पहिल्या जत्रेला बानं मामाच्या हाती निम्म्याहून थोडे जास्त पैसे पाठवले. उरलेले दोनशे एक पुढच्या जत्रेला जमले. मामा तेव्हा तापानं पडला होता. बा म्हणाला, "गोदे, चल तू." आम्ही दोघं फाट्यावर उतरलो. गावाकडं वळायचं तिथं एक लिंब होता. बा त्याच्या खाली उकिडवा बसला. "तू जा. अध्यक्षाच्या हातात दे. माझे पाय न्हाई उठत तिकडं."

मी तोवर अनोळखी माणसाशी कधी बोलले नव्हते. पदराआड पैसे मुठीत धरून गर्दीतून गेले. अध्यक्ष मंडपात खुर्चीवर होता, थोडा जाड झालेला. मी पैसे पुढं केले आणि म्हणाले, "मारोती देवकत्याचे." एवढंच सुचलं. तो बघत राहिला, मग त्याला आठवलं. "अरे, ते म्हातारे काका! ताई, मी विसरलोबी होतो गं." त्यानं पैसे मोजले आणि माइकपाशी बसलेल्या पोराकडं दिले. त्या गावात जत्रेला आलेला प्रत्येक पैसा नावानिशी भोंग्यावर सांगायचे. माइकवरचं पोरगं नवं होतं. त्याला अध्यक्षानं नाव सांगितलं, रक्कम सांगितली, आणि तो दुसरीकडं वळला. पोराचे डोळे मोठे झाले. चारी भोंग्यांतून आवाज आला, "मंडळी, आपले सर्वांचे लाडके कॅसेटवाले गायक मारोती देवकते यांच्याकडून देवाला दोनशे एक रुपये!" टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. मी अध्यक्षाकडं बघितलं. तो ओशाळून म्हणाला, "पोरगं नवीन हाय, ताई. जाऊ दे. पैसे पोचले ना तुमचे?" मी माइकच्या अगदी जवळ उभी होते. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पोरानं पुढचं नाव घेतलंसुद्धा.

बा लिंबाखाली तसाच बसला होता. "घेतले का?"

"घेतले."

"मोजून?"

"व्हय."

"भोंग्यावर नाव ऐकलं मी," तो म्हणाला. "टाळ्या लई वाजल्या."

"बा, त्यांनी ते दुसऱ्याचं..."

"कळलं मला. कॅसेटवाले म्हणला ना तो." बानं घोंगडी झटकून खांद्यावर घेतली आणि गुडघ्यावर हात रेटून उठला. "लागू दे त्याच्या नावावर. इसार त्याचाच होता. आता आपल्याकडं त्याचं काही न्हाई."

हिंगोलीची जीप येताना दिसली. बानं हात केला. मला आधी आत बसवलं आणि मग तो मागच्या फळीवर, लोखंडी दांडीला धरून उभा राहिला. मंडपातून अजून कोणाकोणाची नावं ऐकू येत होती. त्यानं तिकडं पाहिलं नाही. ड्रायव्हरनं भाडं मागितलं तेव्हा त्यानं कनवटीची पिशवी सोडली, आमच्या दोघांच्या भाड्यापुरते होते तेवढे दिले, आणि रिकामी पिशवी घडी करून पुन्हा कनवटीला खोचली. त्या दिवशी इसार पुरता फिटला.